मधल्या वळणावरचा बाक

मी बागेतल्या वाटेवरचा बाक बोलतोय. चालण्याच्या गोष्टी बाकाने सांगाव्यात, याचं हसू आलं ना? खुशाल हसा. पण या बागेत म्हाताऱ्या माणसांना माझ्याइतकं कुणी चालवलेलं नाही!

सुताराने मला ठोकून-ठाकून थेट मधल्या वळणावर बसवलं. रोज सकाळी पुढच्या फाटकातून शिंपीकाका यायचे, गुडघे चोळत. मागच्या फाटकातून त्यांची थोरली बहीण, अक्का. एकदा पाय घसरून पडल्यापासून अक्कांनी धसकाच घेतला होता. डॉक्टर म्हणायचे, "चाला." सून म्हणायची, "जपून हं, पडाल." बिचारीने ऐकायचं तरी कुणाचं? पण भाऊ बाकावर वाट बघतोय म्हटल्यावर त्या निघायच्याच. दोघं माझ्यावर टेकून मनसोक्त भांडायची आणि ताजीतवानी होऊन आपापल्या घरी जायची.

मग बागेचे नवे अध्यक्ष आले. "बाक दिसला की ही मंडळी बसकण मारतात. उचला तो, म्हणजे चालतील!" आणि मला नेऊन टाकलं पुढच्या फाटकाशी.

झालं! मंडळी फाटकाशी यायची, बसायची आणि तिथूनच माघारी. काका एकदा वळणापर्यंत गेले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि लटपटत परतले. अक्का तर दिसेनाशाच झाल्या.

"आठ दिवस खाटेवरून उठली नाही म्हणे," काका पुटपुटले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी खिशातून मापाची फीत काढली आणि फाटकापासून वाट मोजायला घेतली. फीत टाकायची, दम खायचा, पुन्हा टाकायची. अध्यक्ष धावत आले.

"काका, हे काय आरंभलंय?"

"माप घेतोय. बाक दोन्ही फाटकांच्या बरोबर मध्ये होता. आम्हा भावंडांना तेवढंच झेपतं."

"अहो, पण तुम्ही चालायला येता की बसायला?"

"बसायला मिळतं म्हणून चालतो, साहेब! सदऱ्याचा खिसा तुम्ही पाठीवर लावाल का?"

अध्यक्षांनी वाकून फितीचं दुसरं टोक धरलं. माणूस वाईट नव्हता. दुपारी मला उचलताना एक बाजू त्याने स्वतः धरली.

काकांनी अक्कांना फोन केला, "बाक जागेवर आलाय." चार दिवस ते एकटेच बसून मागच्या फाटकाकडे बघत होते. पाचव्या दिवशी काठीचा आवाज आला. अक्का! धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी.

"सरक तिकडे," त्या म्हणाल्या. "सगळा बाक अडवून बसलायस!"

आता माझी एक फळी कुरकुरते, रंगही उडालाय. त्याचं काही नाही. फक्त मला इथून हलवू नका. अजून बऱ्याच जणांना माझ्यापर्यंत पोहोचायचंय.