भरलेला डबा

काकांनी पट्टा बांधला, फोर्क जमिनीपासून वीतभर उचलले आणि हॉर्न दिला. सव्वीस वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवलेल्या माणसाची आज परीक्षा होती, आणि परीक्षक होती त्यांचीच विद्यार्थिनी. पास झाले तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं याच सीटवर. नाहीतर सीट कायमची सुटणार.

"आता मागे घ्या," ती कागद सरसावून म्हणाली.

मागे घेताना आधी दोन्ही खांद्यांवरून वळून बघायचं, नुसत्या आरशावर विसंबायचं नाही, हे काकांनीच तिला शिकवलं होतं. शिकवताना ते आपला जेवणाचा डबा गुपचूप मागच्या चाकाशी ठेवत. "चेपलास तर मला जेवू घालायचं," असा वर दम. तिनं दोन डबे चेपले होते आणि दोन्ही वेळा आपल्यातलं अर्धं त्यांना दिलं होतं.

काकांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे मात्र हनुवटी खांद्याच्या बरीच अलीकडे अडली. वर्षभर त्यांनी हे दुखणं कुणाला कळू दिलं नव्हतं. ठाऊक होतं फक्त बायकोला, कारण रोज सकाळी मान तीच शेकून द्यायची.

त्यांनी लिव्हरला हात लावला आणि काढून घेतला. ब्रेक ओढला, फोर्क खाली टेकवले, चावी काढून उतरले. डाव्या चाकामागे डबा होता. तिचा.

"बरोब्बर दिसला की," ती इतकं मोकळं हसली, की सकाळपासून तिचाही जीव टांगणीला लागला होता हे लपलं नाही. तिनं पासची खूण केली.

काकांनी डबा उचलला. चांगला जड होता.

"भरलेला ठेवलास?"

"तुम्ही चालवणार होतात ना."

काकांना पोरीची फार माया आली. तिथेच त्यांचं ठरलं.

"ती खूण खोड. डबा मला दिसला नाही. तुझ्या जागी मी असतो तर तिथेच ठेवला असता, म्हणून थांबलो. उद्या तिथं माणूस असला तर?"

"काका, दोनच वर्षं राहिलीत."

काकांनी तिच्या हातात चावी ठेवली. तिनं खूण खोडली.

"एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "मी ठेवायचो ते डबे..."

"रिकामे असायचे. माहीत आहे. चेपले तेव्हा काही सांडलं कुठे होतं?"

तिनं डबा उघडला आणि झाकणात मोठा वाटा काढून त्यांच्यापुढे सरकवला.