गालांवरच्या उभ्या रेघा

आमच्या राजेसाहेबांनी स्वतःच्या चेहऱ्याच्या फाइलला नाव दिलं होतं ‘थोबाड’. लाकडावर उठाव कोरायचं छोटं मशीन हौसेने घरी आणलं, तेव्हा फोनने स्वतःचाच चेहरा सगळ्या बाजूंनी टिपून ती बनवली होती. हसू दाबल्यामुळे ओठ घट्ट मिटलेले. कोरायचं मात्र राहून गेलं, आणि आता ते माझ्यावर आलं, बापावर.

राजे म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. उन्हं वर येईपर्यंत लोळत पडायचा, म्हणून मी ठेवलेलं नाव. तो शाळेत असतानाच हिची दृष्टी गेली. मोठेपणीचा मुलगा हिने पाहिला तो बोटांनीच. बाहेर पडताना त्याने दाराशी वाकून तोंड पुढे करायचं, हिने दोन्ही गालांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचं, “दाढी कर की! सावकाश जा रे बाबा.” अपघाताच्या दिवशी हिचा डोळा लागला होता, म्हणून तो न उठवताच निघाला. परत आणला तेव्हा चेहरा गुंडाळलेला होता. कोणी हात लावू दिला नाही. तेव्हापासून ही रडली नाही. एवढंच म्हणाली, “मला एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवायचाय. कसंही करा.”

फळी एकच होती, त्याच्या टेबलाची. बिघडली तर त्याच्या हाताखालची दुसरी कुठून आणणार?

मी शिंपी. मशीन म्हटलं की मला पायाने चालणारं कळतं. हे आपलं आपण चालतं, पण कसं चालायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं. सपाट टोकाच्या बिटने, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्याने, जास्तीचं लाकूड काढलं, तेवढं जमलं. चेहरा पायऱ्यापायऱ्यांचा दिसू लागला. पुढे गोल टोकाच्या बिटने सफाईचा हात. त्यात रेघा उभ्या मारायच्या, आडव्या मारायच्या, की कडेकडेने फिरत आत यायचं? रेघा दाट दिल्या तर गुळगुळीत होतं, पण वेळ खातं. विरळ दिल्या तर मध्ये कंगोरे राहतात. हत्यारांच्या दुकानदाराला फोन केला.

“काका, आधी विरळ हात मारून अंदाज घ्या, मग दाट मारा,” तो म्हणाला. “आणि लाकडाच्या रेषांना धरून चला, नाहीतर तूस निघेल.”

जन्मभर कापडाचा उभा-आडवा धागा बघून कात्री चालवली आणि नेमकी इथे माती खाल्ली. लाकडाच्या रेषा आडव्या होत्या, मी रेघा दिल्या उभ्या. लक्षात आलं ते मशीन थांबल्यावर. कपाळ सपाट, तिथे फारसं कळत नव्हतं. पण गालांच्या आणि जबड्याच्या उतारावर रेघा फाकल्या होत्या आणि तूस उभं राहिलं होतं. हाताला टोचत होतं. मी मशीनला दोन शिव्या हासडल्या, खरं तर त्या मलाच होत्या. मग आडव्या, दाट रेघांचा दुसरा हात तयार केला. त्यात कंगोरे, तूस, सगळं साफ होणार होतं. बटण दाबायचंच बाकी होतं.

आवाज थांबला म्हणून ही भिंतीला हात लावत आत आली.

“झालं?”

“अगं थांब, खरबरीत आहे अजून. बोटात कुसळ जाईल.”

ऐकते कुठली! हात फळीवर पोचलासुद्धा. कपाळ, भुवया, नाक. दुकानात अनोळखी कापड चाचपावं तशी ती चाचपत होती. मिटलेल्या ओठांवर जरा थांबली. मग तळवे गालांवर गेले आणि तिथेच राहिले.

“अहो,” ती म्हणाली, “याने दाढी नाही केली.”

मी गालांवरच्या त्या उभ्या रेघांकडे पाहिलं.

“आता अजून काय करायचंय याला?”

“गुळगुळीत करणार होतो.”

“खबरदार हात लावाल तर!”

मी मशीनची वायर भिंतीतून उपटून काढली. तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. फळीच्या दुसऱ्या बाजूला बसून मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि ते दोन्ही गाल पुन्हा हातांत घेतले.

“सावकाश जा रे बाबा,” ती म्हणाली.