बाबा म्हणाला

“काका, हे पैसे तुम्हीच पाठवताय ना?”

“मीच. आणि माझेच आहेत. तुम्ही मध्ये का अडवताय?”

बाईंना फोनवरच्या असल्या चिडण्याची सवय होती. बावीस वर्षं काउंटरवर काढल्यावर बँकेने त्यांना या खोलीत आणून बसवलं होतं. संशयास्पद व्यवहार संगणकाने हुडकायचे आणि ग्राहकांची बोलणी बाईंनी खायची, अशी कामाची वाटणी होती. संगणक हुशार होता, यात वाद नाही. या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या खात्यातून वर्षानुवर्षं वीजबिल आणि औषधांपलीकडे काही गेलं नव्हतं. आज ठेव मोडून सगळी रक्कम कालच उघडलेल्या एका खात्यात निघाली होती. यंत्राने ती अर्धा तास रोखून धरली होती, आणि त्यातली वीस मिनिटं फोन लागण्यातच गेली. आता ग्राहक ‘हो’ म्हणाला की पैसे गेलेच.

मुलगा अडचणीत आहे, असं ते सांगत होते. त्याच्या गाडीखाली कुणी तरी आलंय, पोलिसांनी धरलंय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलला. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, हे बाईंनी परोपरीने समजावलं. म्हातारबुवा ऐकायला तयार नाहीत. पोराचा आवाज मला कळत नाही का, म्हणाले.

“नेहमीपेक्षा काही वेगळं बोलला का?” बाईंनी विचारलं.



“बाबा म्हणाला.”

“मग?”

“काका म्हणतो तो मला. आमचं लग्न झालं तेव्हा सहा वर्षांचा होता, आईबरोबर आला. हिने पुष्कळ सांगून पाहिलं त्याला. मीच म्हटलं, राहू दे, बळजबरी नको. तीस वर्षं झाली. आज पहिल्यांदाच...”

पैसे वाचवायचे, तर म्हाताऱ्याला मिळालेला तो एक शब्द काढून घ्यावा लागणार होता. त्यांनी मुलाचा नेहमीचा नंबर मागून घेतला आणि तिघांचा फोन जोडला.

“हं, बोला काका,” लगेच आवाज आला. मागे कुणी तरी हसत होतं. “ऑफिसात आहे. काही काम होतं का?”

“नाही रे. सहज केला. जेवलास ना?”

जेवलो, म्हणून त्याने फोन ठेवला. बाईंनी व्यवहार रद्द केला. मग पोलिसांकडे पाठवायची तक्रार भरायला घेतली. म्हातारबुवा सगळं नीट सांगत होते, वेळ, नंबर, काहीच चुकलं नाही.

“कुणाच्या आवाजात फोन आला, ते नातं लिहावं लागतं,” बाई चाचरत म्हणाल्या. “इथे सावत्र मुलगा असाही पर्याय आहे.”

“मुलगा,” ते म्हणाले. “नुसतं मुलगा लिहा.”