ब्रेमोंतेलचं आख्यान

कीर्तनात बुवा एकटा कधीच बोलत नाही. त्यानं ध्रुपद सोडायचं आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते उचलायचं. तेवढ्यात बुवा घाम पुसतो, दम घेतो आणि पुढचं आठवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय रंग भरलाय! आम्हा मागे उभं राहणाऱ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की विनिताला शिकवताना त्याचा विचारच कुणाच्या मनात आला नाही.

विनिता ही आमच्या धाकलूबुवांची लेक. आधी रसायनीला दोन गाड्या बदलून पॅकिंगच्या कामाला जायची. आता पळसदरीच्या धरणाकडे जे नवं रिसॉर्ट झालंय, तिथं लागली होती. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथं फ्रान्समधल्या ब्रेमोंतेल नावाच्या एका जुन्या मळ्याची वाईन पाहुण्यांना चाखायला देतात. चाखता चाखता त्यांना मळ्याचा इतिहास सांगायचा, हे विनिताचं काम. नोकरी अजून कच्ची होती. रविवारी खुद्द मळ्याच्या मालकीणबाई, मादाम एलोडी, येणार होत्या. त्या ऐकणार, आवडलं तर विनिता पक्की, नाहीतर पुन्हा रसायनीची पहिली गाडी.

बुवा माळकरी. लेक काय करते असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "फळप्रक्रियेत हाय." खोटं नाही, पण त्याहून जास्त त्यांनी स्वतःही कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. विनिता आतून आली ती रडकुंडीला येऊनच.

"आबा, डोक्यात राहतच नाय. साधू येतात तोवर ठीक चाललेलं असतं. मग राजे येतात, मग क्रांती होते, आणि माझं सगळं सांडतं."

"साधू?" बुवांनी पानाला चुना लावायचा थांबवला. "तिथं कुठले साधू?"

"त्यांनीच तर मळा लावला. पांढऱ्या कफन्या घालायचे, मौन पाळायचे. दिवसभर देवाचं भजन, आणि मधल्या वेळात चुनखडीच्या टेकडीवर द्राक्षाचे वेल. त्यांच्या देवाच्या पूजेला वाईन लागते ना."

"अगं, मग देवाची बाग म्हण की! एवढे दिवस लपवलंस कशाला?"

"तुमी विचारलंत कधी?"

आतून विनिताच्या आईचा, येसूबाईचा, आवाज आला, "झालं! आता ह्यांना गुत्त्यात पण देव सापडला."

बुवांनी तिकडे कान दिला नाही. "पोरी, पाठ केलेलं विसरतं, गायलेलं विसरत नाय. आख्यान बांधू. विठू, हिरूला सांग, पखवाज घेऊन देवळात ये म्हणावं."

आठवडाभर संध्याकाळी विठोबाच्या सभामंडपात ब्रेमोंतेलचं आख्यान रंगलं. साधूंनी वेल लावले. क्रांती झाली, साधूंना हाकलून दिलं, मळ्याचा लिलाव झाला. पिंपं बनवणाऱ्या एका सुतारानं तो घेतला. पुढे त्याच्या घराण्यात आदेल नावाची सून तरुणपणी विधवा झाली आणि तिच्याच नशिबी ती कीड आली. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी, पण मुळं शोषून घेणारी. साऱ्या देशातले मळे वाळले. तेव्हा आदेलबाईनं अमेरिकेतली रानटी मुळं आणली आणि त्यांवर आपल्या वेलाची कलमं बांधली.

"रायवळीवर हापूस!" बुवा ओरडले. "आपल्यासारखीच की बाई ही!" आणि हिरूनं पखवाजावर अशी थाप मारली की देवळावरची पारवळं उडाली.

मग रस. रंग गरात नसतो, सालीत असतो, म्हणून साल काढायची नाही. विस्तव नसताना रस आपोआप उकळ्या मारतो. मग त्याला ओकच्या पिंपात, तळघरात, अंधारात ठेवायचं. पिंपातून थोडा रस आपसूक उडून जातो. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तेवढी तूट पुन्हा भरून काढायची, म्हणजे आत हवा शिरत नाही. हे ऐकून बुवांचे डोळे भरले. "देवाचा वाटा काढल्याबिगर पिंप पण पिकत नाय रं, विठू," म्हणाले. आणि प्रत्येक कडव्याला ध्रुपद:

घाई नको रे, घाई नको,
पिकल्याबिगर काई नको!

विनिता ओळ सोडायची, आम्ही उचलायचो. शनिवारपर्यंत पोरीला एक अक्षर अडत नव्हतं.

रविवारी बुवांना घरात चैन पडेना. हिरूचा टेंपो काढून आम्ही तिघं गेलो. दारावरचा गार्ड म्हणाला, आत पाहुणेच जातात. बुवा म्हणाले, "तू सोडलंस तरी आमी येणार नाय, बाबा. दारूच्या उंबऱ्यात माझा पाय पडायचा नाय." मग आम्ही मागच्या जांभळाखाली, उघड्या खिडकीशी उभे राहिलो. तिथं शोभेला एक जुनं ओकचं पिंप उभं केलेलं होतं, त्यावर फुलझाडाची कुंडी.

आत ठाण्या-डोंबिवलीचे पंधरा-वीस पाहुणे पेले धरून बसले होते. पुढच्या खुर्चीत मादाम. पांढरे केस, सुती सदरा, पायात साध्या चपला. शेजारी मॅनेजर योगेंद्र, विनिताचं मराठी त्यांच्या कानात इंग्रजीतून ओतायला तयार.

विनितानं नमस्कार केला आणि सुरुवात केली. टेकडी उभी केली, साधूंना कफन्या घातल्या, मौन पाळायला लावलं. पेले ओठाशी थांबले. कडवं संपलं. तिनं मागे हात केला आणि ओळ सोडली:

"घाई नको रे, घाई नको…"

मागे स्टीलचा भलामोठा फ्रिज होता. तो घुंघुं करत राहिला.

विनिता थांबली. ओळ उचलली गेल्याशिवाय पुढचं कडवं तिला कसं आठवावं? आम्हीच तसं शिकवलं होतं! तिनं पुन्हा हात केला, पुन्हा ओळ सोडली. फ्रिज घुंघुं.

डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आम्हाला घाई नाही, पण अजून थोडी ओता तरी!"

सगळे हसले. योगेंद्रच्या कपाळावर घाम आला. विनिताच्या चेहऱ्यावरून रंग उतरला.

"बुवा," मी म्हणालो, "पोर बुडाली."

"टाळ काढ."

"इथं? दारूच्या दाराशी?"

"मग काय घरी जाऊन काढणारेस? काढ म्हणतो ना!"

हिरूचा पखवाज टेंपोत राहिला होता. त्यानं इकडे-तिकडे बघितलं, कुंडी उचलून खाली ठेवली आणि पिंपावर बोटं आपटली. काय नाद निघाला! आम्ही खिडकीतून ध्रुपद उचललं, टाळांसकट. आत माणसं दचकून वळली. आणि विनिताच्या तोंडून धरणाचा दरवाजा उघडावा तशी क्रांती सुटली.

मादामनी योगेंद्रला काहीतरी विचारलं. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, "लोकल ट्रॅडिशन, मादाम. आम्हीच अरेंज केलंय."

दुसऱ्या ध्रुपदाला पाहुणे टाळ्या वाजवू लागले, तिसऱ्याला गाऊ लागले. डोंबिवलीचे गृहस्थ तर वरच्या पट्टीत. रंग चढला, आणि त्या भरात विनितानं लिलावावरून उडी मारली ती थेट पिंपावर.

"अगं थांब!" बुवा खिडकीतून गरजले. "कीड राहिली!"

"आबा, उशीर होतोय!"

"आत्ता काय गात होतीस? घाई नको ना? कीड आल्याबिगर आदेलबाई रडेल कशी, आणि ती रडल्याबिगर कलम कोण बांधील?"

हे बोलता बोलता बुवा वळसा घालून दारातून आत गेले, टाळ हातात, चपला बाहेर. आपण उंबरा ओलांडला हे त्यांना कळलंच नाही. आम्ही मागोमाग. कीड त्यांनी स्वतः सांगितली. वाळलेल्या वेलांतून एकटी फिरणारी ती बाई त्यांनी अशी उभी केली की पेले खाली ठेवले गेले. मादामनी डोळ्यांना रुमाल लावला. योगेंद्र हळूच म्हणाला, "आदेल त्यांची खापरपणजी."

आख्यान संपलं. मादामनी स्वतः पेला भरून बुवांपुढे धरला. तेव्हा कुठे बुवांना आपण कुठे उभे आहोत याची जाण आली. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला.

"माळ हाय, बाई. पिणार नाय," ते म्हणाले. मग पेला नाकाशी नेला. "पर देव तरी नैवेद्याचं काय घेतो? वासच." डोळे मिटून त्यांनी वास घेतला. "हिरू, तुझ्या पखवाजाच्या खोळीचा वास हाय बघ. पावसाळ्यातल्या."

योगेंद्रनं भीतभीत भाषांतर केलं, "जुनं चामडं, ओलसर लाकूड." मादाम एवढ्या हसल्या की त्यांनी बुवांचे दोन्ही हात धरले. मग विनिताकडे वळून काहीतरी बोलल्या. योगेंद्र गंभीर झाला.

"त्या म्हणतात, एक गोष्ट राहिली. रस निवळायला पिंपात अंड्यातलं पांढरं घालतात. ते का नाही सांगितलं?"

विनिता जमिनीकडे बघत म्हणाली, "आबा, मला ठाऊक होतं. पर तुमाला सांगितलं असतं तर तुमी ध्रुपद तरी बांधलं असतंत का?"

बुवांनी पेल्याकडे असं पाहिलं, जणू त्यात कोंबडी बसलीय.

"आन् पिवळं काय करतात?"

"त्याचे गोड पाव करून गावात वाटतात म्हणे."

"वाटतात ना? मग ठीक." पेला त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "तरी खरं ते सांगायचं, पोरी. कीर्तनाच्या गादीवर उभं राहून लपवाछपवी नाय. सांग आत्ताच."

विनितानं मादामकडे बघत अंड्याचं सगळं सांगितलं, सरळ शब्दांत, गाणं न करता. मादाम मान डोलावत राहिल्या, पण हो की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. पोरगी ताठ उभी होती.

तेव्हा बुवा पुढे झाले आणि वाकून त्यांनी लेकीच्या पायांना हात लावला.

"आबा! हे काय करता!" विनिता मागे सरली ती फ्रिजवरच आपटली.

"गप उभी रहा. कीर्तन झालं की गादीवरच्याच्या पाया पडायचं असतं. तू तिथं हायस तोवर माझी पोर नायस."

मग मी वाकलो, हिरू वाकला. आमच्यामागे डोंबिवलीचे गृहस्थ आले, पेला काखोटीला धरून. त्यांच्यामागे त्यांची मंडळी. बघता बघता रांग लागली. सगळ्यात शेवटी मादाम. त्यांनी पुढच्या माणसाचं नीट पाहून घेतलं होतं. गुडघे कडकड वाजले, पण वाकल्या. उठताना विनिताचा हात धरला आणि तो न सोडताच योगेंद्रला दोनच शब्द बोलल्या.

"पक्की म्हणतायत," योगेंद्र म्हणाला, आणि त्यालाही हुंदका आला.

विनिता डोळे पुसायला लागली. बुवांनी टाळ माझ्याकडे दिले आणि खुर्चीत बसकण मारली.

"आता गादीवरून उतर खाली आन् पाणी दे. घसा सुकलाय माझा." मग टेबलावरच्या बाटल्यांकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "पाणीच दे हां!"