अवसेचं दूध

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. कळसच्या अलीकडची एक वाडी डोळ्यांपुढे आणा. रस्त्याला लागून डेअरीची खोली आहे. आज अवस, म्हणजे अमावास्या, म्हणून तिचं शटर ओढलेलं आहे. बाहेर माणसं दुधाच्या किटल्या घेऊन तावातावानं बोलताहेत, आणि शटरला पाठ लावून एक माणूस पालथ्या क्रेटवर बसला आहे. तो डेअरीचा सचिव, दादासो; वाडी त्याला तात्या म्हणते. दिसला? त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजू नका. आज त्या वाढणार आहेत.

"तात्या, अवस दुपारीच सुटली," वाडीतला तरणा सुयोग मोबाईल त्याच्या नाकापुढं धरून सांगत होता. "हे बघा, पंचांगात हाय. आता दूध घ्यायला काय हरकत?"

"तुझ्या खापरपणज्यानं भंडारा उचलला, तवा मोबाईल बघून उचलला हुता व्हय रं?"

माणसं हसली. किटल्या मात्र कुणी मागं नेल्या नाहीत.

या वाडीची जुनी माणसं मेंढरं राखायची. एका साली कळपात रोग शिरला आणि रोज सकाळी मेलेली जनावरं ओढून टाकायची पाळी आली. तेव्हा घराघरातली माणसं बिरोबापुढे जमली आणि त्यांनी भंडारा उचलून शब्द दिला: देवा, जित्राब वाचव. अवसेचं दूध आम्ही विकणार नाही. ज्याच्या दारात दुभतं नाही, त्याच्या लेकरांच्या मुखी घालू. कळप वाचला. पुढे मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, गोठ्यात गाई आल्या. शब्द तेवढा राहिला. दर अवसेला दिवस कलला की बिरोबाच्या पायरीवर लेकरं लोटे घेऊन बसत. अलीकडे ती बहुतेक वीटभट्टीवरची असत.

पण दिलेला शब्द कुणी एकदम मोडत नाही. आधी त्याला कोपऱ्या-कोपऱ्यानं कुरतडतात. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, शपथ शेरडा-मेंढरांच्या दुधाची होती, जर्सी गाय तेव्हा होती कुठं? मग निघालं, की अवसेचं दूध अवसेला विकायचं नाही, दुसऱ्या दिवशी विकलं तर काय बिघडलं? दर वेळी दादासो भांडला. दर वेळी वाडीनं मान डोलावली आणि महिनाभरात नवी पळवाट काढली. आज पंचांग निघालं होतं.

डेअरीचे चेअरमन बापूसाहेब पुढे झाले. "दादासो, देवाचं आमाला बी कळतंय. पन दुधाला कुठं कळतंय? ते नासतंय. आन् तिथी सुटल्याव आपून शब्दातनं मोकळं. देव काय एवढा बारीक बघत न्हाय."

"तुमीच बघताय की बारीक!"

"मग उगडा शटर."

दादासोनं समोरच्या बिरोबाच्या पायरीकडे पाहिलं. पोरं बसली होती. पुढे भट्टीवरची शेवंती, गुडघ्यावर लोटा. त्यानं वाडीकडे पाहिलं. तीच तोंडं, तीच वकिली. आणि इतकी वर्षं जे कधी झालं नव्हतं ते झालं. त्याचं डोकं फिरलं.

"वता!" त्यानं शटर असं वर ढकललं, की खोली हादरली. "वता सगळं! देवाला मी सांगतो, तुझी वाडी लई शिकली म्हणून!"

त्याला वाटलं होतं, एखादा तरी शरमेनं मागे सरेल. कुणी सरलं नाही. रांग लागली. एरवी किटली न् किटली हुंगून घेणाऱ्या दादासोनं त्या दिवशी एकही हुंगली नाही. येईल ते मोठ्या टाकीत ओतत गेला. पायरीवरची पोरं एकेक करून उठली. शेवंती शेवटची किटली ओतली जाईपर्यंत थांबली, मग दाराशी आली.

"तात्या, आमचं?"

"फुडच्या अवसेला ये, बाय."

तिनं लोट्यात डोकावून पाहिलं आणि ती निघून गेली.

सकाळी टँकरवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं, तोंड फिरवलं आणि तो रिकामाच परत गेला. सगळं दूध नासलं होतं. ते गटारात सोडलं, आणि दिवसभर वाडीला आंबूस वास येत राहिला.

"देव कोपला," बापूसाहेब म्हणाले. दुपारी देवळात बैठक झाली. बिरोबाला चांदीची छत्री करायचं ठरलं.

"छत्री?" दादासो उसळला. "अवो, कोप कसला? सकाळच्या दुधाच्या किटल्या दिवसभर पान्याच्या हौदात बुडवून ठिवल्या आन् सांच्याला ते दूध ताज्यात मिसळून आनलं. नासंल न्हाय तर काय हुईल? देवानं काय मागितलं हुतं? लोटाभर दूध, ते बी स्वतःला न्हाय!"

घरी येऊनही तो तेच बोलत राहिला. त्याची बायको सिंधुबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"शटर तुमी वर केलं. छत्रीवाल्यास्नी कशाला बोलताय?"



पुढची अवस आली. कुणी मोबाईल काढला नाही. भीतीसारखा मास्तर नाही. घराघरातून भरलेली भांडी पायरीशी आली. बापूसाहेब धुतलेला फेटा बांधून आले. सगळे उभे राहिले.

पायरी मोकळी होती.

"पोरं कुठायत?" बापूसाहेब वैतागले. "एरवी नको तवा वळवळत असत्यात!"

वाट पाहिली. दिवस मावळला. भांड्यांवर माशा बसू लागल्या.

"हितंच ठिवून जाऊ," सुयोग म्हणाला. "आपून आनलं हे देवानं बघितलं, झालं की."

"देव लोटा घिऊन बसलाय व्हय हितं?" दादासोनं कपाळावर हात मारून घेतला, एक किटली उचलली आणि तो भट्टीकडे चालू लागला. मागे कोण येतंय, हे त्यानं पाहिलं नाही.

भट्टीवर शेवंतीची आई, चंद्राबाई, झोपडीपुढं चिखलाचे हात धूत होती.

"पोरं आली न्हाईत गं?"

"मागल्या बारीला आली हुती की, तात्या." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच दादासोला जड गेलं.

विटांच्या थप्पीआडून शेवंती पाहत होती.

"आज इकलं न्हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"पंचांगात काय हाय?"

"न्हाय बघितलं, बाय."

शेवंती झोपडीत पळाली. मग लोटा घेऊन आली. तिच्या मागून बाकीची पोरं पेले-वाट्या घेऊन आली. किटली बघता बघता रिकामी झाली. दादासोनं ती घ्यायला हात पुढे केला.

शेवंतीनं दिली नाही. ती किटली घेऊन पिंपाशी गेली, दोनदा विसळली, फ्रॉकच्या घेरानं आतून कोरडी केली. मग झोपडीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत भाजलेल्या शेंगा होत्या. त्या तिनं किटलीत टाकल्या, झाकण घट्ट बसवलं, आणि मगच किटली दादासोच्या हातात दिली.