बहुमताचं घरटं

गोविंदराव निवडणूक हरले आणि हैदराबादच्या विद्यानगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सुतक आल्यासारखं झालं. तसं पाहिलं तर ती काही विधानसभेची निवडणूक नव्हती. गौलीगुड्यातल्या 'मराठी स्नेहवर्धिनी'चं अध्यक्षपद ते केवढं! सभासद दीडएकशे, त्यातले निम्मे परदेशात मुलांकडे आणि उरलेल्यांतले निम्मे एकमेकांशी अबोला धरलेले. पण ज्या घराने निजामाच्या काळापासून वकिली केली, त्या घरातला माणूस अठरा वर्षं त्या खुर्चीवर बसला होता. आणि त्याला पाडलं कोणी? बेगम बाजारात मसाल्यांचं ठोक दुकान चालवणाऱ्या अंबाजींनी.

अंबाजींचे वडील शेती सोडून उदगीरकडून हैदराबादेत आले होते. अंबाजींचं मराठी अर्धं दखनी, पाव तेलुगू. त्यांनी निवडणुकीत दोनच आश्वासनं दिली होती, हॉलमध्ये कूलर बसवीन आणि कुणालाही दहा मिनिटांच्या वर बोलू देणार नाही. गोविंदरावांचं नुसतं प्रास्ताविक चाळीस मिनिटं चाले. प्रथमतः, द्वितीयतः करत ते सप्तमतःपर्यंत जात, तोवर मागच्या रांगेत लोक घोरत असत. मतमोजणी झाली तेव्हा अंबाजी धो धो मतांनी निवडून आले.

हरणं एक वेळ सोसलं असतं, पण सत्कार सोसवला नाही. पहिल्याच कार्यक्रमात अंबाजींनी त्यांना 'माजी अध्यक्ष' म्हणून व्यासपीठावर बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि गळ्यात हा एवढा जाड चंदनी हार घातला. वर हात जोडून म्हणाले, "वकीलसाब, तुमच्यासारखं बोलणं आपल्याला जमत नाही. पण पुढच्या लाइनीत तुमची खुर्ची पक्की, हौ." हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

नारळाची चटणी झाली. शाल, सगळ्या सत्काराच्या शालींप्रमाणे, पुढच्या कुणाच्या तरी सत्काराची वाट बघत कपाटात गेली. हाराचं काय करावं ते मात्र लीलाबाईंना कळेना. माणसाने घातलेला हार देवाला चालत नाही, चंदनाचा म्हणून टाकवत नाही, आणि फोटोला घालायला अजून अवकाश होता. शेवटी त्यांनी तो बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आकड्याला अडकवला. उरलेली प्रचारपत्रकं फाडून तिथल्याच डब्यात टाकली.

गोविंदराव आरामखुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले. पेपर नको, फिरणं नको, भाकरी अर्धीच. लीलाबाईंनी काही दिवस वाट पाहिली आणि मग मुद्दाम त्यांच्यासमोर म्हटलं, "नाचता येईना अन् कमरेत वाकडं." एरवी या एका वाक्यावर तासभर प्रवचन झालं असतं. ते नुसते "हं" म्हणाले. तेव्हा मात्र लीलाबाई घाबरल्या आणि त्यांनी गच्चीबावलीला सुनेला फोन लावला.

सून हर्षदा आयटीतली. तिच्या ऑफिसात माणसांचं मन सांभाळायलासुद्धा एक माणूस पगारावर ठेवलेला होता. त्याला विचारून तिने निदान केलं, "आई, बाबांना नेचर कमी पडतंय. रोज दहा मिनिटं नेचर बघितलं की मूड एकदम सेट होतो." मग औषधं सुरू झाली. काचेच्या भांड्यातला बांबू आला. तो टेबलावर बसून गोविंदरावांकडे आणि गोविंदराव त्याच्याकडे बघत राहिले, आणि आठवड्यात बांबू पिवळा पडला. मग मोबाइलवर देवमाशांचं गाणं आलं. ते भर दुपारी लावल्यावर खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई म्हैस कुणी आणली विचारायला वर आल्या.

शेवटी एका रविवारी मुलगा राहुल त्यांना गाडीत घालून मोठ्या बागेत घेऊन गेला. तिथे स्नेहवर्धिनीचे तीन सभासद ट्रॅकसूट घालून चालत होते. तिघांनीही हात हातात घेऊन सांगितलं की आम्ही मत तुम्हालाच दिलं. गोविंदरावांनी घरी येईपर्यंत हिशेब केला. मत दिल्याची शपथ घेणाऱ्या सगळ्यांनी खरंच दिलं असतं, तर ते अंबाजींच्या दुप्पट मतांनी निवडून आले असते. त्या दिवशी त्यांनी भाकरीला हातही लावला नाही.

असेच एका दुपारी ते बसले असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बाल्कनीतल्या हाराचा गोंडा हलताना दिसला. वारा तर नव्हता. उंदीरच असणार! आता सत्काराचा हारसुद्धा उंदरांनी खायचा राहिला होता. गोविंदराव चप्पल हातात घेऊन तरातरा बाल्कनीत गेले.

उंदीर नव्हता. अंगठ्याएवढी एक पाखरी होती. पाठ मातकट, पोट पिवळसर, चोच बाकदार. शिंजिराची मादी. ती हाराला उलटी लोंबकळून चंदनाची एक साल ओढत होती. हातात चप्पल घेतलेल्या माजी अध्यक्षांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. निवडणुकीनंतर त्यांच्याकडे बघून सहानुभूतीचा चेहरा न करणारा तो पहिलाच जीव. गोविंदरावांना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. ती कोळिष्टकाचा धागा आणी, हाराच्या टोकाला गुंडाळी, भुर्रकन जाई, काडी घेऊन येई. ते तसेच चप्पल घेऊन उभे राहिले. लीलाबाईंनी चहाला हाक मारली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ अंबाजी मनात आलेच नव्हते. त्यांनी घाईघाईने अंबाजींना आठवून पाहिलं, पण पूर्वीसारखं झोंबेना.

आठवडाभरात हाराला लोंबणारी एक पिशवी तयार झाली, तोंडाशी छोटंसं छप्परही. बाहेरून तिने सालपटं, वाळकी पानं आणि मिळेल तो कचरा चिकटवला होता. त्यात डब्यातल्या प्रचारपत्रकाची एक चिंधी होती. 'प्रचंड बहुमताने निवडून द्या' यातलं 'बहुमताने' एवढंच तिच्यावर वाचता येत होतं. गोविंदरावांनी ते वाचलं आणि कित्येक दिवसांनी ते मोठ्याने हसले.

नर उन्हात जांभळा-काळा चमकायचा. समोरच्या केबलच्या तारेवर बसून, छाती फुगवून तो दिवसभर गायचा. काडी म्हणून उचलत नसे. गोविंदरावांना तो फार आवडला. काय आवाज, काय भारदस्तपणा, असं ते लीलाबाईंना सांगत. लीलाबाईंनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मेथी निवडायला घेतली.

गोविंदराव रोज दाढी करू लागले. भाकरी पूर्ण खाऊ लागले. एके सकाळी अचानक म्हणाले, "अगं, ते 'नाचता येईना अंगण वाकडं' असं आहे." लीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हर्षदाने फोनवर सांगितलं की हा बांबूचाच इफेक्ट आहे, जरा लेट आला.

पण माणसाला सुख पचायलाही पोट लागतं, आणि माजी अध्यक्षांना ते नसतं. एवढा आनंद आपण एकट्याने घ्यायचा, त्याला ना व्यासपीठ ना आभारप्रदर्शन, हे काही गोविंदरावांना पटेना. त्यांनी 'मराठी पक्षीमित्र परिषद' काढली. संस्थापक-अध्यक्ष कोण ते सांगायला नकोच. उद्घाटन पाडव्याच्या आधीच्या रविवारी, बाल्कनीत, घरट्याखाली समई लावून. प्रमुख पाहुणे अंबाजी. म्हणजे अंबाजींना समोर बसून चाळीस मिनिटं ऐकावं लागेल आणि दहा मिनिटांचा नियम इथे चालणार नाही. खुर्ची गेली तर गेली, नवी खुर्ची त्यांनी स्वतःच करून घेतली होती.

एव्हाना पिल्लं झाली होती. पिशवीतून बारीक चिवचिव यायची. लीलाबाई म्हणाल्या, लहान जीव आहेत, एवढी गर्दी नको. गोविंदराव म्हणाले, ही लोकजागृती आहे, तुला कळायचं नाही.

रविवारी खुर्च्या आल्या, माइक आला, भिंतीएवढा बॅनर आला. बॅनरवर गोविंदराव मोठे होते आणि शिंजीर कोपऱ्यात. लीलाबाईंचे बटाटेवडे ठाऊक असल्याने माणसंही चिकार आली. बागेतले ते तिघे आले. अंबाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, वेलदोड्याचा पुडा घेऊन. माइकवाल्याने "हल्लो, हल्लो" सुरू केलं. गोविंदराव हातात भाषणाचे कागद घेऊन बाल्कनीत समईपाशी उभे राहिले.

मादी आली. चोचीत कोळी होता. घरट्याजवळ आली, माणसं बघितली आणि वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. मग तारेवर जाऊन बसली, कोळी तसाच चोचीत. नर पहिल्या 'हल्लो'लाच मागच्या शेवग्यावर पळाला होता. त्याचा गोविंदरावांना फार राग आला. एवढा छाती फुगवणारा, आणि वेळेला हा असा! पिशवीतली चिवचिव आधी वाढली, मग बारीक होत गेली, मग ऐकूच येईना. आतून कुणीतरी म्हणालं, चला, सुरू करा. गोविंदरावांनी कागदाकडे पाहिलं. वर लिहिलं होतं, 'प्रथमतः'. त्यांनी तारेकडे पाहिलं. आजवर त्यांच्याकडे ढुंकून न बघणारी ती पाखरी आता त्यांच्याकडेच बघत होती.

त्यांनी समई विझवली. बाल्कनीतल्या दोघातिघांना आत घातलं, दार ओढून कडी लावली आणि माइकसमोर न जाताच म्हणाले, "कार्यक्रम रद्द."

अंबाजी उठले. "काय झालं, वकीलसाब? तब्येत बरी नाही का?"

"घरात बाळंतीण आहे," गोविंदराव म्हणाले. "आवाज नको."

त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण. अंबाजींनी बंद दाराच्या काचेतून क्षणभर पाहिलं, जाऊन माइकची पिन स्वतःच उपटली आणि सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग तीसएक मराठी माणसं एका खोलीत बसून कुजबुजत वडे खाऊन गेली. हैदराबादेत असं पूर्वी कधी घडलं नसेल.

पाहुणे गेल्यावर लीलाबाई कपबशा गोळा करताना म्हणाल्या, "तुम्ही कडी लावली नसती ना, तर मी मेन स्विच बंद करणार होते. हात तिथेच होता माझा."

गोविंदराव खिसा चाचपत होते. फोन वाजला होता. स्नेहवर्धिनीच्या ग्रुपवर बागेतल्या तिघांपैकी एकाने लिहिलं होतं, 'नव्या परिषदेचं उद्घाटन दोन शब्दांत उरकलं. माजी अध्यक्षांना आता बोलणंही झेपत नाहीसं दिसतं.' खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. चष्मा लावून गोविंदरावांनी उत्तर लिहायला घेतलं. 'प्रथमतः,'

"अहो," स्वयंपाकघराच्या खिडकीतून लीलाबाईंनी हळूच हाक मारली, "इकडे या. चप्पल काढून या."

तिथून बाल्कनी तिरकी दिसत होती. मादी घरट्याच्या तोंडाशी लोंबकळत होती, आणि 'बहुमताने'च्या जरा वर, छपराखालून, दोन पिवळ्या चोची आ वासून बाहेर आल्या होत्या. थोड्या वेळाने नरही आला. लाजल्यासारखा बसला होता, गात नव्हता. त्याच्या चोचीत एक अगदी बारीकशी अळी होती. दोघं नवराबायको खिडकीत दाटीवाटीने उभी राहिली, आणि अंधारून आलं तेव्हाच गोविंदरावांना फोनची आठवण झाली.

फोनवर 'प्रथमतः,' तसंच होतं. त्यांनी त्याच्यापुढे लिहिलं, 'दोन पिल्लं आहेत.' द्वितीयतः काही सुचेना, म्हणून तेवढंच पाठवून दिलं.