कितवं बाळ

बाळ कितवं, या एका प्रश्नावर सरिताची नोकरी चालली होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका प्रसूतिगृहात बाहेरच्या एका संस्थेचा अभ्यास सुरू होता. बाळ जन्मलं की नाळेतलं थोडं रक्त नळीत घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि आईकडून चार पानांचा फॉर्म भरून घ्यायचा. पोटातल्या दिवसांच्या काही बारीक रासायनिक खुणा बाळाच्या जनुकांवर बसतात. जनुकं तीच राहतात, पण त्यातलं कोणतं किती जागं राहणार हे या खुणांवर ठरतं. पहिल्या बाळांत आणि पाठच्या बाळांत त्या खुणा थोड्या वेगळ्या असाव्यात, असा वरच्या डॉक्टरांचा कयास होता. हजार बाळांचं रक्त एकत्र तपासलं तर सरासरीत काही दिसलं तर दिसेल. एकट्या बाळाच्या रक्तावरून ते कितवं आहे हे सांगणारं मशीन काही नव्हतं. हे सरिताला पक्कं ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये तिने ते वहीत लिहून खाली रेघही मारली होती.

पण लोक खरं सांगत नसत. बाईने तोंड उघडायच्या आत सासू बोलून मोकळी होई. गेलेलं बाळ मोजायचं नाही, पाडलेलं सांगायचं नाही, आधीच्या नवऱ्याचं तर नावच नको. मग वरून फोन यायचा, मॅडम, तुमचे आकडे जुळत नाहीत. शेवटी सरिताने एक युक्ती काढली. सगळ्यांना खोलीबाहेर घालवायचं, दार लोटायचं आणि हळूच म्हणायचं, "खरं सांग बरं. पहिलं का दुसरं, ते मशीन रक्तातून ओळखतंच." युक्ती नामी होती. बायका घाबरून भडाभडा बोलत आणि सरिताचे फॉर्म सगळ्यात चोख म्हणून नावाजले जात. खोटं बोलून खरं काढायचं, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. उलट जरा तोराच होता.

निकिता अशीच एक. चोवीस वर्षांची, नाशिक रोडची सून, माहेर लासलगावच्या पलीकडचं. सकाळीच मुलगा झाला होता. फॉर्म बाहेर निघताच सासू चतुराबाई म्हणाली, "पहिलंच हाय. लिहा."

"पहिलटकरीण ना? मग माहेरी नाही गेली?"

"नाय गेली. सातव्या महिन्यात भाऊ न्यायला आला व्हता, तर ही जागची हालंना. म्हणे, सासरीच करीन. आमच्यात असं नसतं, पहिलं बाळंतपण आईकडंच. पर इतका जीव लावती आमाला, मंग म्या बी म्हणलं, राहू दे." चतुराबाईला सुनेचं कौतुक होतं आणि ते लपत नव्हतं.

सरिताच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पहिलटकरीण आणि माहेर टाळते? शिवाय लेबर रूममधली सिस्टर म्हणाली होती, पहिल्या खेपेच्या मानाने ही फारच लवकर मोकळी झाली. सरिताने चतुराबाईला खाली औषधं आणायला पाठवलं, दार लोटलं आणि ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं.

निकिता पांढरीफटक पडली. "त्याचा रिपोर्ट घरी येतो?"

इथे सरिता थांबती तरी चाललं असतं. पण दुपारचे दोन वाजले होते, डबा तसाच पडला होता, अजून तीन बाळंतिणी बाकी होत्या. "येणारच की," ती म्हणाली. "म्हणून म्हणते, आधीच सांगून टाक."

निकिताने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, तिला मुलगी झाली होती. ज्याची होती तो गाव सोडून गेला. भावाने आणि वहिनीने मुलगी आपली म्हणून ठेवून घेतली. आता ती पाच वर्षांची आहे, बालवाडीत जाते.

"तिच्यासमोर या बाळाला कसं पाजलं असतं मी, ताई?" ती म्हणाली. "म्हणून नाही गेले."

सरिताला गलबलून आलं, नाही असं नाही. तिने तिच्या हातावर हात ठेवला, फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो असं सांगितलं आणि 'दुसरं' या चौकोनात खूण केली. रिपोर्टचं तेवढं दुरुस्त करायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

दीड महिन्याने अभ्यासाच्या नोंदीसाठी बाळाचं वजन करायला सरिता नाशिक रोडला गेली. दार चतुराबाईने उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं, रडून रडून लालबुंद झालेलं. ओट्यावर पावडरच्या दुधाचा डबा आणि दोन बाटल्या.

"निकिता कुठंय?"

"माहेरी धाडली." चतुराबाईने पंखा लावला, खुर्ची पुढे केली. "तुमचे लय उपकार झाले, मॅडम. आमी तर अंधारातच राहिलो असतो. मशीनचा रिपोर्ट घरी येणार म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी तिनंच समदं माझ्या मनोजला सांगून टाकलं. बसा, चहा टाकते."

सरिता बसली. आपल्या जिभेने एका बाईचा संसार मोडला आणि वर आपल्यालाच चहा मिळतोय, हे तिला नीट कळलं. लाजेने तिचे कान तापले.

आतल्या खोलीतून निकिताचा नवरा मनोज आला. कुरिअरच्या गोदामातली नोकरी त्याची, आज कामावर गेलेला दिसत नव्हता. दाढी वाढलेली.

"रिपोर्ट आणला का, मॅडम?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो भराभर बोलू लागला. "मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांच्या डोक्यात काहीबाही येतं, न झालेलं झाल्यासारखं वाटतं. तिचं तसंच असणार. तुमच्या रिपोर्टात पहिलं आलं असेल तर उद्याच्या उद्या घेऊन येतो तिला. दुसरं आलं असेल, तर मग विषय संपला."

त्याला काय ऐकायचं होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. चतुराबाई गॅसजवळ थबकली. बाळाने पुन्हा सूर धरला.

असं मशीनच नाही, मी थाप मारली होती, हे सरिताच्या ओठांवर आलं. पण ते सांगून हलकं कोण होणार, तर सरिता. निकिताने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं तसंच उरणार आणि पोर बाटलीवर वाढणार. खरं बोलायची वेळ दीड महिन्यापूर्वीच होती.

"पहिलं आलंय," सरिता म्हणाली. "कागद ऑफिसात असतो. पण पहिलंच आहे."

"म्या पहिल्यापासून तेच म्हणत व्हते," चतुराबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. तिला खरोखर आनंद झाला होता.

मनोजने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पहिल्याच रिंगला निकिताने उचलला.

"मशीन पहिलं म्हणतंय," तो म्हणाला. "मॅडम इथंच बसल्यात. तू उगाच काहीतरी बोललीस ना त्या दिवशी? आईसमोर एकदा सांग, म्हणजे झालं."

बाळाचं रडणं तिकडे ऐकू जात असणार. सरिताला वाटलं, हो म्हण, लवकर हो म्हण. आणि आपण निकिताकडून काय म्हणवून घेतोय हे तिच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

"ती पोरगी तुझ्या दादाचीच ना?" मनोजने विचारलं.

"हो," निकिता म्हणाली. "दादाचीच आहे. मला कधीच काही झालं नव्हतं. मी खोटं बोलले."

"बास. उद्या सकाळी येतो मी."

फोन बंद करायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात अगदी जवळून एका लहान मुलीचा आवाज आला. "आत्या, तू कामून रडती?"

"कुठं रडते?" निकिता तिला म्हणाली. "जा, तुझी आई हाक मारतीय."